दंडनायकाचा पुरुष : पल्प-परंपरेतील साहसकथेचा एक व्याकरणविचार

१

इंग्रजीतील 'व्हिजिलांटी' हा शब्द स्पॅनिश भाषेतून आलेला आहे. पहारेकरी, रात्री जागणारा, एवढाच त्याचा मूळ अर्थ. सान फ्रान्सिस्को येथे १८५१ मध्ये आणि पुन्हा १८५६ मध्ये नागरिकांनी 'दक्षता समित्या' स्थापन केल्या, न्यायालयांना बाजूस सारून काही जणांना फासावर चढविले, आणि त्या काळापासून अमेरिकन इंग्रजीत या शब्दाला दंडाचा अर्थ चिकटला. जागणे आणि शिक्षा करणे ही वस्तुतः दोन भिन्न कर्मे होत. एकाच शब्दात ती एकत्र आली, आणि त्या शब्दाभोवती वाढलेल्या कथावाङ्मयातही ती एकत्रच नांदत आहेत. प्रस्तुत विवेचनात अशा नायकास 'स्वयंनियुक्त दंडनायक' असे म्हटले आहे.

लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या स्वस्त कागदावर छापली जाणारी म्हणून 'पल्प' म्हणविली गेलेली मासिके ही या नायकाची जन्मभूमी होय. तेथून तो कॉमिक्समध्ये, कादंबऱ्यांत आणि अलीकडे संगणकीय खेळांत आला. त्याचा वाचक मोठा आहे. त्याला मिळणारा मान मात्र अल्प आहे. त्याच्याविषयी जी टीका होते तिचे ढोबळमानाने दोन पक्ष पडतात. एका पक्षाच्या मते हा हिंसेचा चोरटा उपभोग आहे. दुसऱ्या पक्षाच्या मते ही निरुपद्रवी करमणूक आहे. दोन्ही पक्ष एक गोष्ट गृहीत धरतात, ती ही की या कथांचा आनंद एकाच जातीचा आहे. तो तसा नाही. नायकाची कथा कोणत्या व्याकरणिक पुरुषात सांगितली जाते, यावर वाचकाची जागा ठरते. आणि वाचकाची जागा ठरली म्हणजे नायकाच्या कृत्याला तो कोणत्या प्रकारची संमती देतो, हेही ठरते. या आनंदाविषयीचा नैतिक प्रश्न येथेच विचारावयास हवा.

२

आरंभीचा दंडनायक पूर्णतया तृतीयपुरुषी आहे. जॉन्स्टन मॅक्कली यांचा झोरो १९१९ मध्ये 'ऑल-स्टोरी वीकली'च्या पानांवर अवतरला. त्यानंतरचा महत्त्वाचा नायक 'द शॅडो'. १९३० मध्ये अमेरिकन रेडिओवरील गुन्हेकथांच्या एका कार्यक्रमात निवेदकाला हे नाव देण्यात आले. श्रोते मासिकविक्रेत्यांकडे त्या आवाजाचे मासिक मागू लागले, म्हणून १९३१ मध्ये मासिक निघाले. मॅक्सवेल ग्रँट या टोपणनावाखाली वॉल्टर गिब्सन यांनी त्याच्या ३२५ कादंबरिकांपैकी २८० हून अधिक लिहिल्या. प्रथम आवाज आणि मागाहून व्यक्ती, असा हा उलटा जन्म आहे, आणि त्याची खूण गिब्सन यांच्या वाक्यरचनेवर कायमची उमटली आहे. त्यांच्या वाक्यांचा कर्ता पुष्कळदा नायक नसतोच. एखादा हात, अंगठीतील खडा, भिंतीवरचा काळोखाचा आकार किंवा नुसते हास्य हा कर्ता असतो. पहिल्या कादंबरीत वाचक हॅरी व्हिन्सेंट या तरुणाच्या सोबतीने कथेत शिरतो. पुलावरून उडी टाकून जीव देऊ पाहणाऱ्या या तरुणाला शॅडो वाचवितो आणि आपला हस्तक करतो. वाचकाची जागाही तीच. तो नायकाचा हस्तक आहे, नायक नव्हे. लॅमॉन्ट क्रॅन्स्टन या धनिकाचे रूपही नायकाने उसने घेतलेले आहे, आणि त्याचे खरे नाव केंट अ‍ॅलर्ड असल्याचे १९३७ मध्ये उघड होते. मासिक सुरू झाल्यावर सहा वर्षे वाचकाला या रहस्याबाहेर ठेवता आले, हे केवळ तृतीयपुरुषामुळे शक्य झाले.

१९३९ च्या मे महिन्यात 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकात आलेला बॅटमन हा याच घराण्यातला. त्याच्या पहिल्या कथेचे कथानक बिल फिंगर यांनी शॅडोच्या १९३६ मधील एका कादंबरिकेवरून घेतले होते. रात्री हिंडणारा तो मुखवटाधारी म्हणजेच ब्रूस वेन, हे त्या कथेत अखेरच्या चौकटीपर्यंत वाचकाला कळत नाही. गुन्हेगार आम्लाच्या टाकीत पडून मरतो आणि बॅटमनला त्याचे दुःख होत नाही. या कृत्याचा वाचक साक्षीदार ठरतो. साक्षीदाराची संमती सोपी असते. जे घडले ते त्याने पाहिले, घडविले नाही.

मराठी वाचकाला हा नायक अपरिचित नाही. बाबूराव अर्नाळकर यांच्या 'काळा पहाड' आणि 'झुंझार' या नायकांनी अनेक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. त्यांच्या नावांची घडणही 'द शॅडो' किंवा 'द स्पायडर' यांच्यासारखीच आहे : सामान्यनाम, विशेषण किंवा त्यांचा जोड घ्यावयाचा आणि त्याचे विशेषनाम करावयाचे, म्हणजे माणूस नाहीसा होऊन गुण तेवढा उरतो. ली फॉक यांच्या 'फँटम'चे (१९३६) मराठी नामकरण तर विशेष विचारणीय आहे. १९६४ मध्ये सुरू झालेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'च्या मराठी अंकांत तो 'वेताळ' झाला. इंग्रजी शब्दात केवळ भास आहे. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गावाच्या सीमेचा राखणदार आहे. रात्री तो फेरी घालतो, म्हणून त्याला चामड्याची पायताणे वाहतात. आरवलीच्या वेतोबापुढे ठेवलेल्या भल्या मोठ्या वहाणा ज्याने पाहिल्या असतील, त्याला 'व्हिजिलांटी' या शब्दाचा मूळ अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. अनुवादकाने हेतुपूर्वक केले असो वा नसो, दंडाखाली दबलेला पहारा या नावात पुन्हा वर आला.

३

१९८६ हे या परंपरेतील वळणाचे वर्ष होय. फ्रँक मिलर यांच्या 'द डार्क नाइट रिटर्न्स'मध्ये वृद्ध बॅटमनचे मन प्रथमपुरुषी तुटक वाक्यांतून चौकटींच्या कडेला उमटू लागले. त्याच वर्षी अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या 'वॉचमेन'चा आरंभ रोर्शाखच्या रोजनिशीने झाला. जो दंडनायक आजवर बाहेरून पाहावयाचा होता, त्याच्या डोक्यात वाचकाला नेऊन बसविले गेले.

प्रथमपुरुष आला म्हणजे जवळीक आली, असे सामान्यतः मानले जाते. रोर्शाखच्या भाषेत मात्र एक विलक्षण गोष्ट घडते. पूर्वायुष्यातील प्रसंगांत तो पूर्ण वाक्ये बोलतो. १९७५ मध्ये एका अपहृत बालिकेची हत्या त्याच्या ध्यानात येते, आणि त्यानंतरच्या त्याच्या बोलण्यातून उपपदे, साहाय्यक क्रियापदे आणि पुष्कळदा 'मी' हे सर्वनामही गळून पडते. इंग्रजीत कर्त्यावाचून वाक्य उभे राहत नाही; म्हणून ही गळती वाचकाच्या कानाला तत्काळ जाणवते. कृत्ये उरली आहेत, करणारा उरलेला नाही, ही त्या पात्राची शोकांतिका मूर यांनी व्याकरणातून सांगितली आहे. असे असूनही अनेक वाचकांनी रोर्शाखला आदर्श मानले, आणि याविषयी मूर यांनी पुढे मुलाखतींतून अस्वस्थता बोलून दाखविली. याचे कारण वाचकांच्या मंदबुद्धीत शोधण्याचे प्रयोजन नाही. 'मी'ची जागा मोकळी राहिली की वाचक सहजच तेथे जाऊन बसतो.

कादंबरीतही हा फरक तपासून पाहता येतो. ली चाइल्ड यांचा भटका नायक रीचर 'किलिंग फ्लोर' (१९९७) मध्ये आपली कथा आपण सांगतो. पुढच्याच 'डाय ट्राइंग' (१९९८) मध्ये ती तृतीयपुरुषात येते. नायक तोच, मुष्टियुद्धे तशीच. परंतु पहिल्या कादंबरीत वाचक त्याच्या हिशेबांत सहभागी होतो, तर दुसरीत त्या हिशेबांचा परिणाम दुरून पाहतो. पहिलीतील आनंद सहभागाचा आहे, दुसरीतील प्रेक्षकाचा.

४

येथे मराठीच्या एका विशेषाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. रोर्शाखची रोजनिशी मराठीत आणावयाची झाल्यास त्या भाषेची धार बोथट होईल, कारण मराठीत सर्वनाम गाळणे ही नित्याची गोष्ट आहे. 'उद्या येतो' यात कोणालाही काही उणे वाटत नाही. परंतु मराठीने दुसरीकडे याहूनही खोल सोय करून ठेवली आहे. सकर्मक क्रियापदाच्या भूतकाळी रूपाची जुळणी कर्त्याशी होत नाही. 'मी दार फोडले', 'त्याने दार फोडले' : दोन्हींत 'फोडले' हे 'दार' या कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. कर्ता गाळला की नुसते 'दार फोडले' उरते. ते कोणी फोडले, हे क्रियापद सांगत नाही. उलट अकर्मक क्रियापद कर्त्याला लपू देत नाही : 'पडलो' म्हणताच 'मी' आला, 'पडला' म्हणताच 'तो' आला.

दंडनायकाची कथा ही मुख्यतः सकर्मक क्रियांची कथा असते. तो पकडतो, मारतो, फोडतो, सोडवितो. नेमक्या याच ठिकाणी मराठी क्रियापद प्रथम आणि तृतीय पुरुषांतील भेद पुसून टाकते. मराठी रहस्यकथेच्या अभ्यासकाने या दृष्टीने पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

मात्र या सोयीला एक अपवाद आहे, आणि तो मोलाचा आहे. 'तू दार फोडलेस', 'तुम्ही दार फोडलेत'. द्वितीयपुरुषात सकर्मक क्रियापदालाही प्रत्यय लागतो. 'मी'ला आणि 'त्या'ला सुटका आहे. समोर उभ्या असलेल्या 'तू'ला ती नाही. सर्वनाम गाळले तरी 'फोडलेस' यातील अखेरचा 'स' बोट दाखवीतच राहतो.

५

संगणकीय खेळ ही या 'तू'ची भूमी आहे. खेळांच्या व्यवसायात 'फर्स्ट पर्सन' आणि 'थर्ड पर्सन' अशी वर्गवारी रूढ आहे. परंतु ती केवळ दृष्टिकोनाची, म्हणजे चित्र नायकाच्या डोळ्यांतून दिसते की पाठीमागून, याची आहे. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही प्रकार द्वितीयपुरुषी होत. खेळ खेळणाऱ्याला आज्ञा देतो, वाट पाहतो, आणि जे घडते ते त्याच्या हातून घडते. मराठी मुलगा खेळताना 'चार मारले' असे म्हणतो आणि लगेच 'मी मेलो' असेही म्हणतो. मरणाच्या वेळी 'मी' येतो, मारण्याच्या वेळी तो गाळता येतो.

२००१ चा 'मॅक्स पेन' हा या दृष्टीने अभ्यसनीय खेळ आहे. त्यातील पोलीस-नायक कुटुंबाच्या हत्येचा सूड घेत निघतो. कथा अखेरच्या प्रसंगापासून सुरू होते, आणि नायक पूर्ववृत्त प्रथमपुरुषी भूतकाळात सांगतो. मधूनमधून कॉमिक्ससारख्या चौकटी येतात. म्हणजे कथन 'मी'चे आणि कृती 'तू'ची. एका दुःस्वप्नात तर नायकाला कळविले जाते की तो चित्रकथेत आहे, आणि पुढे, की तो संगणकीय खेळात आहे. हा विनोद म्हणून सोडून देण्याजोगा प्रसंग नाही. 'मी'च्या आड बसलेल्या 'तू'कडे खेळाने स्वतःच दाखविलेले ते बोट आहे.

२००९ च्या 'बॅटमन : अर्कम असायलम'ने दुसरा मार्ग धरला. या खेळात कोणाला ठार मारता येत नाही. पडलेले शत्रू बेशुद्ध असतात. त्यातील उत्तम प्रसंगांत खेळणारा उंचावरील दगडी मूर्तीवर दबा धरून खालच्या सशस्त्र टोळीकडे पाहत राहतो. कोण कोठे फिरतो, कोण एकटा पडला, कोणाची भीती वाढली, हे तो टिपतो, आणि बराच वेळ काहीही करीत नाही. या प्रसंगांचा आनंद प्रहारात कमी आणि जागण्यात अधिक आहे. शब्दाच्या मूळ अर्थाकडे, म्हणजे पहाऱ्याकडे, हा खेळ परत येतो.

६

यावर असा आक्षेप घेता येईल की सर्वनामे बदलल्याने हिंसा बदलत नाही. आक्षेप खरा आहे. परंतु वाचकाची संमती बदलते, आणि समाजावर परिणाम करते ती हीच संमती. 'पनिशर'चा इतिहास याची साक्ष देतो. डॉन पेंडलटन यांच्या 'वॉर अगेन्स्ट द माफिया' (१९६९) या कादंबरीतील नायकाच्या धर्तीवर हा नायक १९७४ मध्ये कॉमिक्समध्ये आला. त्याच्या छातीवरील कवटीचे चिन्ह पुढे अमेरिकेतील सैनिकांनी आणि पोलिसांनी उचलले. केंटकी राज्यातील एका गावच्या पोलीसगाड्यांवर ते २०१७ मध्ये लावले गेले आणि टीकेनंतर काढावे लागले. नायकाचे एक निर्माते जेरी कॉनवे यांनी या वापराचा उघड निषेध केला. २०१९ च्या एका अंकात तर पनिशर स्वतःच पोलिसांच्या गाडीवरील ते चिन्ह फाडतो आणि त्यांना बजावतो की त्यांनी कायद्याच्या रक्षणाची शपथ घेतलेली आहे.

कथा वाचणाऱ्याला पनिशरचा एकाकीपणा आणि त्याच्या जीवनाची नासाडी दिसत असते; चिन्ह लावणाऱ्याला ती दिसण्याचे कारण नाही. चिन्ह हे वाक्य नव्हे. त्याला कर्ता नाही, काळ नाही, पुरुष नाही. म्हणूनच ज्याला 'मी' म्हणावयाचे आहे, तो ते निःशंकपणे आपल्या गाडीवर लावू शकतो. कथा असेपर्यंत वाचक साक्षीदार आहे की भागीदार, हा प्रश्न जिवंत असतो. कथा गळून केवळ कवटी उरली की तो प्रश्नच मावळतो.

म्हणून या वाङ्मयाच्या आनंदाबद्दल कोणास लाज बाळगण्याचे कारण नाही, आणि तो वाचकाच्या हातून काढून घेण्याचेही कारण नाही. शॅडोच्या हस्तकासारखे अंधारात उभे राहणे, रोर्शाखच्या मोकळ्या 'मी'शी झटापट करणे, दगडी मूर्तीवर बसून रात्र जागणे, हे तिन्ही खरे आणि परस्परांहून भिन्न आनंद आहेत. वाचकाने एवढेच पाहावयाचे की आनंद घेताना आपण कोणत्या पुरुषात उभे आहोत. मराठी भाषकाला त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. दंडनायकाच्या प्रत्येक कृत्यापुढे द्वितीयपुरुषाचा तो एक प्रत्यय लावून वाक्य पुन्हा वाचावे, आणि ते अजूनही सुखाने वाचवते का, हे पाहावे.