बाहेरून उघडणारं दार : घर कोण बांधतं आणि कोण राहतं

या मालिकेत घर या कल्पनेवर बोलायचं ठरलं तेव्हा आपल्यातल्या अनेकांना वाटलं असेल की वाडा, चाळ, ओसरी, माजघर असं काहीतरी ऐकायला मिळेल. ते मी आज बोलणार नाही. आज मला एका गोठलेल्या तळ्यावरच्या लाकडी खोलीबद्दल बोलायचं आहे, आणि त्या खोलीत उभं राहून चार मोठ्या लेखकांची घरं तपासायची आहेत. थोरो, हायडेगर, बाशलार आणि व्हर्जिनिया वूल्फ. हे चौघेही माझे आवडते. पण आवडत्या माणसाची झडती घ्यायची नाही असा नियम तत्त्वज्ञानात नाही.

आपल्याकडे म्हण आहे, घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून. ही म्हण कुणाला उद्देशून आहे? बांधून पाहणारा तो आहे, कर्ता पुरुष. बाईच्या वाट्याला येतं ते घर ‘सांभाळणं’. संस्कृत सुभाषितकार तर त्याहून पुढे गेले. ते म्हणतात, गृहिणी हेच घर. ऐकायला फार गोड. पण बघा, जी स्वतःच घर झाली, तिला घर बांधता कसं येईल? विटेला कुणी गवंडी म्हणतं का?

आता ती खोली. अमेरिकेच्या उत्तरेला मिनेसोटा नावाचं राज्य आहे, हजारो तळी असलेलं. हिवाळ्यात ती गोठतात. माणूस चालायचा तर निदान चार इंच चांगलं बर्फ हवं असं तिथलं सरकारी खातं सांगतं. गाडी न्यायची तर त्याच्या दुपटीहून जास्त. मग लोक बर्फावर छोटी घरं ओढत नेतात, जमिनीला भोकं ठेवलेली. मोठ्या गिरमिटाने बर्फ भोसकायचं, भोकातून गळ सोडायचा आणि आत शेगडीच्या उबेत बसायचं. वॉलाय, पर्च, पाइक असे मासे मिळतात. मिल लॅक्स नावाच्या प्रचंड तळ्यावर हिवाळ्यात अशा घरांच्या वस्त्या उभ्या राहतात, त्यांच्यामधून गाड्यांचे रस्ते काढलेले असतात. आणि मार्चमध्ये सगळं नाहीसं. कायदाच तसा आहे : दक्षिण भागात मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत आणि उत्तरेत तिसऱ्या सोमवारपर्यंत घर बर्फावरून उचललंच पाहिजे.

मुलीकडे राहायला होते तेव्हा तिच्या गल्लीत एक बाई पाहिल्या. सत्तरीला टेकलेल्या, नोकरीतून निवृत्त, एकट्या. त्यांनी चाकांवरचा नुसता सांगाडा विकत घेतला होता, बाहेरून पत्रा, आतून उघडं लाकूड. सप्टेंबरपासून त्या आतलं काम स्वतः करत होत्या. सांगाड्याच्या खणांत फोमचे तुकडे कापून बसवणं, त्यावर देवदाराच्या फळ्या खाचेत खाच घालून ठोकणं, बॅटरीवरच्या दिव्यांच्या तारा ओढणं, जमिनीतल्या भोकांना झाकणं करणं, भिंतीला बिजागऱ्यांनी दुमडणारा पलंग लावणं. गॅसच्या शेगडीचा धूर बाहेर जाण्यासाठी नळी, आणि कार्बन मोनॉक्साइडची घंटा. ही घंटा शोभेची नाही बरं का. बंद खोलीत जळणारी शेगडी माणसाला झोपेतच नेते.

एक गोष्ट मला विशेष वाटली. त्यांनी बसायचा बाक नेहमीपेक्षा उंच केला होता. का, विचारलं. गुडघे. खाली बसलं की उठता येत नाही. म्हणून आधी गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचं माप घेतलं आणि मग फळी कापली. पलंगही असा, की पडल्या पडल्या हात खाली सोडला तर गळाची दोरी हाताला लागावी. मंडळी, घराचं माप कुठून येतं हा सौंदर्यशास्त्रातला जुना प्रश्न आहे. इथे त्याचं उत्तर एका म्हाताऱ्या गुडघ्यातून आलेलं होतं.

आता आपले लेखक. थोरोपासून सुरुवात करू, कारण त्याचंही घर तळ्याकाठी. 1845 साली वॉल्डनच्या काठावर त्याने खोली बांधली, दहा फूट बाय पंधरा फूट. खर्च 28 डॉलर साडेबारा सेंट, आणि त्याचा तपशीलवार हिशेब पुस्तकात दिला आहे. स्वावलंबनाचं हे जगप्रसिद्ध उदाहरण. पण फळ्या कुठून आल्या? रेल्वेवर राबणाऱ्या कॉलिन्स नावाच्या आयरिश माणसाची झोपडी थोरोने विकत घेतली आणि मोडली. त्या प्रसंगात कॉलिन्सची बायको दारात येते, घर आतून पाहा म्हणते, दिवा लावून छप्पर आणि भिंती दाखवते. घर आतून ओळखणारी ती एकटीच. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कुटुंब एका गाठोड्यात सगळा संसार बांधून रस्त्याला लागतं. आपल्या भाषेत याला बिऱ्हाड हलवणं म्हणतात. थोरोने हे प्रामाणिकपणे नोंदवलं, हे त्याचं मोठेपण. पण नोंदवून तो पुढे गेला. हिशेबात फळ्यांचा दर आहे. दिवा धरणाऱ्या बाईचं पुढे काय झालं, याला रकाना नाही.

हायडेगरकडे जरा जास्त थांबावं लागेल. 1951 च्या ऑगस्टमध्ये डार्मश्टाटला त्याने बांधणं आणि राहणं यावर व्याख्यान दिलं. युद्धात जर्मन शहरं जमीनदोस्त झालेली, लोकांना छप्पर नाही, समोर वास्तुरचनाकार बसलेले. आणि हा माणूस म्हणतो, खरी अडचण घरांच्या तुटवड्याची नाही. माणसाला राहायचं कसं हेच अजून शिकायचं आहे. त्याचा मुद्दा असा की आपण आधी बांधतो आणि मग राहतो असं नाही. आपण राहणारे आहोत म्हणून बांधतो. बांधण्याच्या जर्मन शब्दात त्याला दोन अर्थ दिसतात : उभारणं आणि जोपासणं. उदाहरण देतो ते ब्लॅक फॉरेस्टमधल्या दोनशे वर्षांपूर्वीच्या शेतकरी घराचं. वाऱ्यापासून आडोशाला, दक्षिणेकडे तोंड, बर्फाचा भार पेलणारं छप्पर, जेवणाच्या टेबलामागे देवाचा कोपरा, बाळंतपणाची जागा आणि शवपेटीचीसुद्धा जागा.

फार सुंदर पान आहे ते. पण दोन प्रश्न विचारू. त्या घरात बाळंतपणाची जागा आहे, पण बाळंत होणारी बाई बांधणारी म्हणून कुठे आहे? आणि खुद्द हायडेगर ज्या टोटनाउबेर्गच्या डोंगरातल्या घरात बसून लिहीत असे, ते 1922 साली उभं करून घेण्याची व्यवस्था पाहिली त्याच्या पत्नीने, एल्फ्रिडेने. ‘राहण्या’चं तत्त्वज्ञान ज्या खोलीत लिहिलं गेलं, तिच्या उभारणीत बाईचा हात आहे आणि तत्त्वज्ञानात तो दिसत नाही. ही मी नवऱ्या-बायकोची कुचाळकी करत नाही. हा विचारातलाच दोष आहे. आयरिस मॅरियन यंग या तत्त्वज्ञ बाईने तो नेमका पकडला : उभारणं आणि जोपासणं अशी जोडी सांगून हायडेगर पुढे उभारण्याच्याच मागे जातो. जोपासणं वाटेत राहतं.

यंग मग काय करते, तर बाया करतात त्या सांभाळण्याला मान मिळवून देते. वस्तू जपणं, त्यांच्यातल्या आठवणी जपणं, हेही जग घडवणंच आहे म्हणते. बांधू न देणं ही वंचना आहे हेही ती सांगते. मला हे पटतं, पण पुरत नाही. कारण जोडी तशीच राहते. फक्त दुसऱ्या टोकाला हार घातला जातो. बर्फावरच्या घरात मात्र ही जोडीच टिकत नाही. ते घर दर हिवाळ्यात नव्याने टेकवावं लागतं, दर मार्चला उपटावं लागतं. ठोकळ्यांवर टेकवलं नाही तर तळाशी गोठून बसतं. दर शरदात एखादी फळी फुगलेली, एखादी तार उंदराने कुरतडलेली. तिथे बांधणं कधी संपत नाही आणि म्हणून सांभाळणं वेगळं कधी सुरू होत नाही. त्या बाई स्क्रू पिळत होत्या तेव्हा त्या बांधत होत्या की जोपासत होत्या? हा प्रश्नच तिथे गळून पडतो.

बाशलारचं बोलू. 1957 च्या पुस्तकात त्याने घराला तळघर आणि माळा दिला. माळ्यावर स्वच्छ विचार, तळघरात भीती. त्यात एक वाक्यार्थ असा आहे की घर आतून बांधतात त्या बाया, पुरुषांना फक्त बाहेरून बांधता येतं. वाचताना आपण खूश होतो. पण त्याच्या मनात आहे काय? फर्निचरला मेण लावून चकचकीत करणं. म्हणजे ‘आतून बांधणं’ ही पुसण्या-झाडण्याला दिलेली काव्यमय पदवी. आता याच शब्दांना जरा खरं करून बघा. आमच्या त्या बाई घर आतूनच बांधत होत्या, अक्षरशः, पण हातात करवत आणि गुण्या होता. आणि तळघर? झाकण उघडलं की खाली काळं पाणी. बाशलारची भीती तिथे रूपक नाही. ती मोजता येते, इंचांत.

आता वूल्फ. 1928 च्या ऑक्टोबरमध्ये केंब्रिजच्या मुलींच्या दोन कॉलेजांत तिने भाषणं दिली, त्यांतून पुढच्या वर्षी पुस्तक झालं. बाईला लिहायचं तर वर्षाला पाचशे पौंड आणि कुलूप लावता येईल अशी स्वतःची खोली हवी. आपल्या पिढीतल्या किती जणींना या वाक्याने उभं केलं! पण निवेदिकेला ते पाचशे पौंड कुठून मिळतात ते आठवा. तिची एक आत्या मुंबईत हवा खायला घोड्यावरून निघालेली, पडून मरते, आणि वारसा ठेवते. मुंबईत, मंडळी. काल्पनिक आत्या असली तरी पत्ता आपला आहे. वूल्फला पैशाचं मोल पक्कं कळत होतं. पण ती खोली मिळते, बांधली जात नाही. पैसा येतो, खोली असते, आत कुलूप असतं. सुतार कुठेच नाही.

आणि कुलपाचा मुद्दा आला म्हणून मुख्य गोष्ट सांगते. मिनेसोटाच्या नियमांत असं आहे की बर्फावरच्या घरात माणूस असताना दार बाहेरून सहज उघडता आलं पाहिजे. कडी चालेल, पण बाहेरून उघडणारी. शिवाय घराच्या बाहेर मालकाची ओळख निदान दोन इंच उंचीच्या अक्षरांत, आणि रात्री दिसण्यासाठी चकाकणारी पट्टी. कारण उघड आहे. शेगडीचा वायू, तडकलेलं बर्फ, कोसळलेला माणूस. आत कुणी पडलं तर बाहेरच्याला पोचता आलं पाहिजे.

वूल्फची खोली आतून बंद होते म्हणून स्वतःची होते. ही खोली बाहेरून उघडते आणि तरीही स्वतःची आहे. कशी? माझं उत्तर असं. वूल्फच्या बाईला कुलूप हवं कारण बाहेर तिला सतत हाका मारणारं घर आहे. आयुष्यभर हाकांना ओ दिलेल्या बाईला सत्तरीत वेगळं काहीतरी हवं असतं. तिला हाका नको असतात, पण पडल्यावर कुणी येईल याची खात्री हवी असते. आपल्याकडे म्हातारपणी या दोनांतलं एकच मिळतं. मुलांकडे राहा, दार सताड उघडं. नाहीतर एकटे राहा, आणि चार दिवसांनी शेजारी कुलूप तोडतील. एकांत आणि आधार यांचा असा सौदा का असावा? एका थंड प्रदेशातल्या साध्या नियमाने तो सौदा मोडलेला दिसतो. कडी आहे, ती दोन्हीकडून चालते. एकांत तिचा, दार सगळ्यांचं.

याला दोन आक्षेप येतील. एक, हा पोट भरलेल्या देशाचा छंद आहे. खरं आहे, सांगाडा, गाडी, वेळ, सगळ्याला पैसा लागतो. शिवाय तळं कुणाचं, हाही प्रश्न आहे. मिल लॅक्सच्या ओजिब्वे लोकांचा 1837 च्या करारातला मासेमारीचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये मान्य केला, तोही काठावरच्या बहुमताने. घर स्वतः बांधलं म्हणून जागा आपली होत नाही. थोरोसुद्धा इमर्सनच्या जमिनीवर होता. दुसरा आक्षेप, बर्फच उरलं नाही तर? 2023-24 चा हिवाळा तिथे इतका उबदार गेला की अनेक तळ्यांवर घरं नेताच येईनात. मग ते घर अंगणात चाकांवर उभं राहतं. हे दोन्ही आक्षेप मी खोडत नाही. उलट ते माझ्या बाजूने मांडते. हायडेगरच्या शेतकरी घराला आपली जमीन कायमची वाटते. बर्फावरच्या घराला तसा भ्रम परवडत नाही. बांधायच्या आधी बर्फ मोजावं लागतं, रोज.

वसंतात विरघळणाऱ्या जमिनीसाठी सत्तरीतली बाई बाकाची उंची अर्ध्या इंचाने सुधारते, हे कशासाठी, असं कुणी विचारेल. मी म्हणेन, राहण्यासाठी. कायमचं असेल तरच ते राहणं, ही अट घर बांधणाऱ्यांनी घातलेली आहे, राहणाऱ्यांनी नाही. आपल्या मराठीत त्यासाठी बिऱ्हाड हा शब्द पहिल्यापासून आहे, आणि तो आपण जरा कमीपणाने वापरतो. तो शब्द पुन्हा उचलून पाहायला हरकत नाही.

इथे थांबते. वेळ थोडा जास्त झाला. प्रश्न असतील तर जरूर विचारा. मागे बसलेल्यांनी जरा मोठ्याने.