रोजचा आलेख आणि दहा वर्षांची मोजणी : एक चिकित्सा

प्रस्तावना

आलेख ही केवळ संख्याशास्त्राच्या क्रमिक पुस्तकातील बाब राहिलेली नाही. २०१९ पासून नोव्हेंबर महिन्यात तीस दिवसांत तीस नकाशे आणि २०२१ पासून एप्रिल महिन्यात तीस दिवसांत तीस आलेख काढण्याचे उपक्रम जगभर होत आहेत. त्यांत हौशी मंडळींबरोबर संशोधक व पत्रकारही भाग घेतात. एखादा देश निवडावयाचा आणि त्या देशातील वन्यजीव, भाषा, विवाहपद्धती, आहार, सण यांविषयी रोज एक आकृती सिद्ध करावयाची, असा एक स्वतंत्र लेखनप्रकारच त्यातून निर्माण झाला आहे. आपल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांतही तो आता दिसू लागला आहे. म्हणून त्याची चिकित्सा साहित्यप्रकाराच्या चिकित्सेइतक्याच गांभीर्याने व्हावयास हवी. प्रस्तुत लेखात एकाच प्रश्नाचा विचार केला आहे. ज्या विषयाची मोजणी चार किंवा दहा वर्षांनी एकदा होते, त्याचा आलेख रोज काढला असता नेमके काय रोज घडते?

पुण्याचा खरा दैनिक आलेख

या प्रश्नासाठी कसोटी शोधावयास पुण्याबाहेर जाण्याची गरज नाही. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. १९४४ मध्ये ते दिल्लीस गेले, परंतु शिवाजीनगरच्या त्या वास्तूला पुणेकर अद्याप ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात. तेथे देशाचा हवामान-नकाशा तयार होत असे. देशभरच्या वेधशाळांमध्ये सकाळी साडेआठ वाजता घेतलेल्या नोंदी तारेने यावयाच्या. प्रत्येक ठिकाणच्या लहान वर्तुळाभोवती तपमान, वायुभार, वारा, ढग यांची सांकेतिक नोंद व्हावयाची आणि मग समभार रेषा ओढल्या जावयाच्या.

या नकाशाचे दैनिकत्व विषयाच्या स्वभावातून आलेले आहे. वायुभार रोज बदलतो, म्हणून नकाशा रोज काढावा लागतो. वेळ तीच, ठिकाणे तीच, मोजमापाची रीतही तीच. म्हणूनच सोमवारचा नकाशा मंगळवारच्या नकाशाशेजारी ठेवून पाहता येतो, आणि सोमवारी चूक झाली असेल तर ती मंगळवारी उघडी पडते. असे उत्तरदायित्व वाघांच्या किंवा भाषांच्या रोजच्या आलेखाला नसते. तेथे रोज बदलतो तो विषय आणि रंगसंगती. मूळ आकडा तेथेच असतो. हा दोष आलेख काढणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचा नव्हे, या प्रकाराच्या घडणीचाच आहे.

वाघांची चढती रेषा

वन्यजीवांविषयीच्या आलेखांत सर्वांत लोकप्रिय आलेख वाघांचा आहे. २००६ मध्ये १४११, २०१० मध्ये १७०६, २०१४ मध्ये २२२६, २०१८ मध्ये २९६७ आणि २०२२ मध्ये ३६८२, असे पाच बिंदू जोडले की एक चढती रेषा मिळते. ती प्रसन्न करणारी आहे, आणि स्थूलमानाने दिशादर्शकही. परंतु हे आकडे शिरगणतीचे नाहीत, अंदाजाचे आहेत. प्रत्येक आकड्यासोबत मूळ अहवालांनी कक्षा दिलेली आहे. २००६ ची कक्षा ११६५ ते १६५७ होती आणि २०१० ची १५२० ते १९०९. या दोन कक्षा एकमेकींवर चढतात. म्हणजे ज्या पहिल्या वाढीचा त्या वेळी मोठा गाजावाजा झाला, ती केवळ या दोन आकड्यांवरून निर्विवाद ठरत नाही. शिवाय २००६ च्या अंदाजात सुंदरबनाचा समावेश नव्हता, तर २०१० मध्ये तेथील सुमारे ७० वाघ धरले गेले. ते वजा केले की १७०६ चे १६३६ होतात. रेषेचा तो तुकडा काही अंशी वाघांच्या वाढीचा आहे आणि काही अंशी मोजणीच्या क्षेत्राच्या वाढीचा. आलेखात मात्र दोहोंचा रंग एकच असतो.

याहून गंभीर चूक रेषा मागे नेताना होते. २००१-०२ मध्ये पावलांच्या ठशांवरून ३६४२ वाघ असल्याचे सांगितले गेले होते. सरिस्का अभयारण्यातून वाघ नाहीसे झाल्याचे २००४-०५ मध्ये उघड झाले, २००५ मध्ये व्याघ्र कृतिदल नेमले गेले आणि त्यानंतर ठशांची पद्धत सोडून स्वयंचलित कॅमेरे व संख्याशास्त्रीय नमुन्याची पद्धत स्वीकारली गेली. ३६४२ आणि १४११ हे आकडे निरनिराळ्या मापांनी मिळालेले आहेत. त्यांना एका रेषेने जोडणे म्हणजे शेराने मोजलेले धान्य आणि किलोने तोललेले धान्य एकाच खात्यात मांडणे होय. तरीही ‘आधी निम्म्याहून खाली घसरण, मग पूर्ण भरपाई’ अशी एक नाट्यमय वक्ररेषा वारंवार काढली जाते. ३६४२ आणि ३६८२ या आकड्यांतील योगायोगाचे साम्य तिला विशेष उपकारक ठरते! आलेखकाराला कथा हवी असते आणि येथे ती आयतीच हाती येते.

महाराष्ट्रापुरते पाहता २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ असे अंदाज आहेत. राज्याच्या नकाशावर एक गडद रंग भरला की हे सांगून होते. पण ही वाढ राज्यभर सारखी विखुरलेली नाही. तिचा भार विदर्भावर, त्यातही चंद्रपूर जिल्ह्यावर, आणि तेथे राखीव क्षेत्राबाहेरच्या जंगलालगतच्या गावांवर पडलेला आहे. सह्याद्रीतील गाव आणि ब्रह्मपुरीचे शिवार यांना एकच छटा देणारा नकाशा धोरणकर्त्याच्या टेबलावर गेला, तर तो निरुपद्रवी राहत नाही.

भाषांचे रंग

भाषांच्या आलेखांबाबत आपल्या वाचकांनी अधिक सावध असावयास हवे, कारण त्यांत आपण स्वतःच मोजले गेलेलो आहोत. २०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेली मातृभाषांची मूळ नावे १९,५६९ होती. त्यांची छाननी होऊन १३६९ मातृभाषा निश्चित झाल्या, आणि त्या १२१ भाषांच्या शीर्षकांखाली बसविण्यात आल्या. दहा हजारांहून कमी भाषक असलेल्या भाषांना स्वतंत्र ओळ मिळत नाही. रोजच्या आलेखात येतात त्या या १२१, बहुधा त्यांतल्या पहिल्या दहाच. १९,५६९ पासून १२१ पर्यंतचा प्रवास कोणत्याही स्तंभालेखात दिसत नाही. वास्तविक, सांस्कृतिक दृष्ट्या सर्वांत अर्थपूर्ण आकृती त्या प्रवासाचीच झाली असती.

हिंदीच्या ५२ कोटींत पाच कोटींहून अधिक भोजपुरी आणि अडीच कोटींहून अधिक राजस्थानी भाषक आहेत, हे बहुतेकांना ठाऊक असते. मराठीच्या बाबतीत व्यवस्था निराळी आहे. अहिराणी ‘खानदेशी’ या वेगळ्या शीर्षकाखाली जाते आणि मालवणी कोकणीखाली. म्हणजे सिंधुदुर्गातील दोन सख्ख्या शेजाऱ्यांपैकी एकाने ‘मराठी’ आणि दुसऱ्याने ‘मालवणी’ असे सांगितले, तर ते नकाशावर दोन रंगांत विभागले जातात. बोलणे मात्र दोघांचे एकच असते. मराठीचा वाटा २००१ मधील ६.९९ टक्क्यांवरून २०११ मध्ये ६.८६ टक्क्यांवर आला, या आलेखावरून चिंतेचे आणि अभिमानाचे दोन्ही प्रकारचे निष्कर्ष काढले गेले आहेत. दोन्ही पक्षांनी वर्गीकरणाचा विचार क्वचितच केला. गणेश देवी यांच्या पुढाकाराने झालेल्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाने ७८० भाषा नोंदविल्या. त्यातील अरुण जाखडे यांनी संपादित केलेला महाराष्ट्राचा खंड पुण्यात पद्मगंधा प्रकाशनाने २०१३ मध्ये काढला. त्यात स्तंभ नाहीत, वर्तुळे नाहीत. बोलींची वर्णने आहेत. कदाचित म्हणूनच रोजचे आलेखकार त्याकडे वळत नाहीत.

नात्यांच्या आकृतीचेही असेच. जवळच्या नात्यांतील विवाहांचे प्रमाण दाखविणारे राज्यनिहाय नकाशे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीवरून वरचेवर केले जातात. डेक्कन कॉलेजात काम करणाऱ्या इरावती कर्वे यांनी १९५३ च्या भारतीय नातेसंस्थेवरील ग्रंथात दाखविले होते, की महाराष्ट्रात प्रश्न केवळ प्रमाणाचा नाही, दिशेचा आहे. मामेबहिणीशी विवाह अनेक जातींत संमत किंवा इष्ट, आतेबहिणीशी मात्र सामान्यतः टाळलेला. पाहणीच्या मूळ कोष्टकात वडिलांकडील आणि आईकडील भावंडांची नोंद वेगवेगळी असते. नकाशात त्यांची बेरीज होते, आणि संस्कृती नेमकी त्या बेरजेत हरवते.

विलंबाची प्रतिष्ठा

याउलट एक उदाहरण नोंदविणे आवश्यक वाटते. धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने पुणे शहराची पाहणी १९३६-३७ मध्ये केली. तिचा आर्थिक भाग १९४५ मध्ये आणि सामाजिक भाग १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. आजच्या वाचकास हा विलंब हास्यास्पद वाटेल. परंतु त्या कोष्टकांना आपली तारीख माहीत होती. ती १९३६-३७ चीच म्हणून वाचली गेली, आणि म्हणूनच पुढील फेरपाहणीस तुलनेचा आधार मिळाला. २०११ चे आकडे आज सकाळच्या तारखेने समोर येतात तेव्हा ही सोय उरत नाही. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरविण्यात आला आहे. तोवरचे ‘आजचे’ बहुतेक सामाजिक आलेख मूलतः दीड दशकापूर्वीच्या घरोघरच्या भेटींचे आहेत.

रोज आकृती काढण्याच्या शिस्तीला प्रस्तुत लेखकाचा विरोध नाही. हात रोज चालल्याने दृष्टी सुधारते, हे चित्रकलेच्या शिक्षकास सांगावे लागत नाही. आक्षेप आहे तो रोज विषय बदलण्याला. महाविद्यालयीन प्रकल्पात तीस दिवस एकाच आकडेवारीला देता येतील. पहिल्या दिवशी वाघांचे पाच बिंदू, दुसऱ्या दिवशी त्यांच्या कक्षा, तिसऱ्या दिवशी मोजलेले क्षेत्र, पुढे जिल्हावार विभागणी, मग वगळलेली वने. जनगणनेच्या भाषाकोष्टकाला तर महिनाही अपुरा पडेल. २०२७ च्या मोजणीनंतर पहिली कोष्टके हाती येतील तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात लोकांनी कोणती नावे सांगितली होती आणि ती कोणत्या शीर्षकाखाली गेली, हे प्रथम पाहावे लागेल. सिंधुदुर्ग, जळगाव आणि धुळे या तीन जिल्ह्यांपासून त्याचा आरंभ करता येईल.