हाताने केलेली गिटार म्हणजे नेमकं काय केलेली?



कवितेची समीक्षा होते, नाटकाची होते, मैफलीची होते. पण ज्या वाद्यावर मैफल होते, त्याच्या घडणीची समीक्षा आपण फारशी करत नाही. वाद्य घ्यायला गेलो की दोनच प्रश्न विचारतो. केवढ्याला? आणि हाताने केलंय का? आज मला त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. माझं म्हणणं असं की हा प्रश्न अपुरा आहे, आणि अपुरा असल्यामुळे तो कारागिरालाही फसवतो आणि गिऱ्हाइकालाही.

उदाहरण घेऊ अकूस्टिक गिटारचं. एकटा कारागीर आहे. छोटं वर्कशॉप. पटाश्या, रंधे, कानशी, सरस, शिकंजे सगळं आहे, आणि कोपऱ्यात एक सीएनसी यंत्रही आहे. वर्षाला मोजक्याच गिटारी करतो. आता त्याच्या गिटारीला हाताने केलेली म्हणायचं की नाही? एक पक्ष म्हणतो, यंत्र आलं की हात संपला. दुसरा म्हणतो, यंत्र हातापेक्षा अचूक आहे, मग हाताचं कौतुक कशाला? मला दोन्ही पक्ष आळशी वाटतात. गिटारीचा कुठला भाग चाललाय, हे दोघंही पाहत नाहीत.

ज्यांचं भोसरी-चाकणकडे येणं-जाणं आहे, त्यांना सीएनसी समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. संगणकावर आकृती काढायची, तिच्यावरून यंत्राला आकड्यांत सूचना द्यायच्या, मग फिरणारं टूल त्या आकड्यांप्रमाणे आडवं, उभं, खाली-वर सरकत जॉब कापतं. आकड्यांवर चालणारं मिलिंग यंत्र अमेरिकेत एमआयटीमध्ये १९५२ साली दाखवलं गेलं, तेही विमान-उद्योगाच्या गरजेतून. आज तेच तंत्र टेबलाएवढ्या यंत्रात मावतं आणि एकट्या माणसाच्या वर्कशॉपमध्ये येतं.

आता गिटारीकडे जाऊ. मानेवरच्या पट्टीत फ्रेट बसवायला आडव्या खाचा पाडाव्या लागतात. त्या कुठे पाडायच्या, हे गणित आहे. तारेची लांबी ६५० मि.मी. धरा. तिला १७.८१७ ने भागा, येतात ३६.४८ मि.मी. तिथे पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागा, तिथून तेवढ्या अंतरावर दुसरा. असं बारा वेळा केलं की तुम्ही बरोब्बर मध्यावर, ३२५ मि.मी. वर येता. सप्तक पुरं झालं.

पूर्वी १८ ने भागत असत. व्हिन्चेन्झो गॅलिली, म्हणजे आपल्याला माहीत असलेल्या गॅलिलिओचे वडील, यांनी १५८१ सालच्या आपल्या ग्रंथात ल्यूटसाठी हा १८ चा हिशेब मांडला. गणिताने पाहिलं तर त्यात ६५० मि.मी. च्या तारेवर बारावा फ्रेट साधारण २.४ मि.मी. अलीकडे पडतो. पण गंमत बघा, तार दाबली की ती ताणली जाते आणि स्वर थोडा चढतो, त्यामुळे ही चूक काही अंशी भरून निघायची. म्हणजे तो हिशेब अगदीच अडाणी नव्हता.

सांगायचा मुद्दा हा की खाच कुठे पाडायची, यात कारागिराच्या कानाला, मनाला, आवडीनिवडीला काही जागा नाही. खाच जागेवर असते किंवा नसते. अर्धा मिलिमीटर चुकली तर ती गिटार आयुष्यभर त्या जागी बेसूर. असं काम यंत्राने केलं तर कलेचं काय गेलं? काहीही गेलं नाही. उलट हाताने पाडलेल्या वाकड्या खाचेला कुणी ‘मानवी स्पर्श’ म्हणत असेल, तर तो स्पर्श वाजवणाऱ्याला महागात पडतो.

दुसरा भाग म्हणजे मान आणि धड यांचा सांधा. मार्टिन ही १८३३ पासूनची अमेरिकन कंपनी. त्यांच्या पारंपरिक गिटारींत मान डव्हटेल सांध्याने बसवतात. तो हाताने जुळवणं फार कौशल्याचं काम, यात वाद नाही. पण स्टीलच्या सहा तारा मिळून साधारण ७० किलोंचा ताण देतात. वर्षानुवर्षं तो ताण सोसून मानेचा कोन बदलतो, तारा पट्टीपासून वर उचलल्या जातात, आणि मग वाफ देऊन तो चिकटवलेला सांधा सोडवावा लागतो. कॅलिफोर्नियातली टेलर ही कंपनी १९७४ ची. त्यांनी १९९० च्या आसपास सीएनसी यंत्रं कामाला लावली आणि १९९९ मध्ये मानेचा नवा सांधा आणला. त्यात बोल्ट असतात आणि कोन ठरवायला नेमक्या मापाच्या पातळ चकत्या. कोन बदलायचा असेल तर चकती बदला. एवढ्या नेमकेपणाचे खाचे हाताने रोज पाडत बसणं व्यवहार्य नाही. इथे यंत्रामुळे वाद्य दुरुस्तीला सोपं झालं. दुरुस्त करता येणं हाही वाद्याचा गुण आहे, बरं का. आपल्या समीक्षेत तो कुठेच मोजला जात नाही.

इथपर्यंत मी यंत्राची बाजू घेतली. आता वरच्या फळीकडे येऊ. गिटारवाले तिला टॉप म्हणतात. गिटारीचा आवाज मुख्यतः तिथे घडतो. ही बहुधा स्प्रूसची असते, स्टीलच्या तारांच्या गिटारीत सुमारे पावणेतीन-तीन मि.मी. जाडीची, आणि आतून तिला लाकडी पट्ट्यांचा आधार असतो. तिला एकाच वेळी दोन उलट कामं करायची असतात. तारांचा ताण सोसायला ताठ राहायचं आणि आवाज द्यायला हलायचं. या दोन कामांचा तोल साधण्यात गिटार बनते किंवा फसते.

आणि हा तोल फार नाजूक आहे. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे जाडी १० टक्क्यांनी कमी केली, तर ताठपणा १० नव्हे, सुमारे २७ टक्क्यांनी उतरतो. त्यातून लाकूड काही कारखान्यात ओतलेलं नसतं. एकाच ओंडक्याच्या दोन फळ्यांचा ताठपणा आणि वजन वेगळं निघू शकतं. म्हणून जाणता कारागीर फळी हातात घेतो, वाकवून बघतो, ठरावीक जागी धरून टिचकी मारतो, ऐकतो, रंध्याचा एक हात फिरवतो, पुन्हा ऐकतो.

आता समजा फाइलमध्ये २.८ मि.मी. लिहिलं आहे. यंत्र प्रत्येक फळी २.८ करून देणार. माप तंतोतंत सारखं, आवाज मात्र प्रत्येकीचा वेगळा. एखादी मुकी, एखादी पोकळ. इथे अचूकता हाच दोष ठरतो, कारण आकडा आधी ठरला आणि फळी नंतर आली.

पण थांबा. समजा कारागिराने आधी फळी वाकवून, ठोकून पाहिली, आणि मग या फळीपुरता २.६ चा आकडा यंत्रात भरला. मग? कापलं यंत्राने, पण निर्णय कानाचा. माझ्या मते ही गिटार त्या गिटारीपेक्षा जास्त ‘हाताची’ आहे, जिच्यात कारागिराने पुस्तकातला २.८ चा आकडा डोळे झाकून रंध्याने गाठला. म्हणून विचारायचा प्रश्न हा: समोरचं लाकूड पाहून-ऐकून निर्णय कुठे कुठे घेतला गेला?

याला इतिहासात एक सुंदर दाखला आहे. आजच्या क्लासिकल गिटारीचं रूप ज्यांनी घडवलं, ते स्पेनचे अंतोनियो दे तोरेस. त्यांनी १८६२ साली एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या, टॉप मात्र लाकडाचा. आवाज टॉपमध्ये असतो, हे त्यांनी भाषण न देता दाखवलं. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत-संग्रहालयात आहे. आणि २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा गिटारी, शक्य तितक्या सारख्या, फक्त पाठीचं आणि बाजूंचं लाकूड वेगळं. ५२ वादकांनी ती लाकडं दिसणार नाहीत अशा बेताने त्या वाजवल्या. महागडं लाकूड स्वस्तापेक्षा सरस आहे, असा कौल काही मिळाला नाही. ब्राझीलचा रोझवुड दुर्मीळ झाल्यावर १९६९ पासून मार्टिनने भारतीय रोझवुड, म्हणजे आपला शिसव वापरायला घेतला, तेव्हा जुन्या लाकडासाठी हळहळ झाली. आजही होते. ती ऐकताना हा प्रयोग लक्षात ठेवायला हरकत नाही.

या चर्चेत डेव्हिड पाय यांचं नाव घ्यायला हवं. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये ते फर्निचर डिझाइन शिकवत. १९६८ च्या पुस्तकात त्यांनी कारागिरीचे दोन प्रकार केले. एक जोखमीची, जिथे काम बिघडण्याची शक्यता प्रत्येक क्षणी असते. दुसरी खात्रीची, जिथे निकाल आधीच ठरलेला असतो. हा भेद ‘हात की यंत्र’ या भेदापेक्षा कितीतरी उपयोगी आहे. साचा लावून केलेलं हातकामही खात्रीकडे झुकतं, आणि साचे तर गिटारवाले कधीपासून वापरत आले आहेत.

पण एकट्याच्या वर्कशॉपला हा भेद लावताना मला एक पुस्ती जोडावीशी वाटते. तिथे सीएनसीमुळे जोखीम नाहीशी होत नाही, तिची जागा बदलते. शून्याचा बिंदू चुकीचा धरला, जॉब नीट पकडला नाही, की चांगल्या लाकडाचा काही सेकंदांत भुगा. शिवाय यंत्र कापतं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या हिशेबात, आणि लाकूड हवेतला ओलावा पिऊन रुंदीला सहज मिलिमीटरभर फुगतं. म्हणूनच जाणते लोक वर्कशॉपची आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राखतात. ती राखायची, लाकूड किती मुरू द्यायचं, कधी कापायचं, हे सगळं पुन्हा माणसाच्या अकलेवर.

आपल्याकडची तुलना करायची तर मिरज आहेच. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग कानसून, घासून, पुन्हा पुन्हा तार छेडून जवारी काढतात, तेव्हा निर्णय प्रत्येक घासणीला होत असतो. गिटारीच्या आतल्या पट्ट्या पटाशीने थोड्या थोड्या उतरवत जाणं हे त्याच जातीचं काम. उद्या कुणी घोडीचा ढोबळ आकार यंत्रावर कापून घेतला, तर मी आक्षेप घेणार नाही. शेवटच्या घासण्या फाइलवर सोपवल्या, तर घेईन.

आता यातला खरा तोटा सांगतो, कारण तो लपवून यंत्राची तरफदारी करणं अप्रामाणिक होईल. कारागीर शिकतो कसा? शिकाऊ पोरगा माना तासतो, पट्ट्या तासतो, हात दुखवून घेतो. त्या कंटाळवाण्या कामातच त्याला लाकडाची रेघ कळते, धार उतरली हे आवाजावरून कळतं, कुठलं लाकूड ताठ आणि कुठलं मऊ हे बोटांना कळतं. टॉपवर टिचकी मारून निर्णय घेणारा कान अशाच कामातून तयार होतो. ते सगळं काम यंत्राने खाल्लं, तर आजच्या उस्तादाला यंत्र वरदान ठरेल, पण पुढचा उस्ताद येणार कुठून? त्याला फाइल मिळेल, कान मिळणार नाही. ढोर मेहनतीचं गोडवे गाऊन हे सुटणार नाही. शिकाऊ माणसासाठी काही कामं मुद्दाम हातात ठेवावी लागतील, तो वेळ खर्च म्हणून सोसावा लागेल, आणि त्याचे पैसे शेवटी गिऱ्हाइकालाच द्यावे लागतील.

म्हणून ‘हाताने केलेली’ या चिठ्ठीवर भुलू नका, आणि यंत्राचं नाव ऐकून नाकही मुरडू नका. गिटार घ्यायला गेलात, तर कारागिराला तीन गोष्टी विचारा. या टॉपची जाडी कशावरून ठरवली? उद्या मान उचलली तर कशी सोडवाल? आणि यंत्राने जे तास वाचवले, ते कुठे घातले? तिसऱ्या प्रश्नाला तो म्हणाला की टॉपवर आणि पट्ट्यांवर जास्त वेळ दिला, हाताखालच्या पोराला शिकवलं, तर त्याची किंमत खुशाल द्या. तो नुसता म्हणाला की महिन्याला जास्त नग निघतात, तर तेही वाईट नाही, पण मग किंमत कारखान्याची द्या, उस्तादाची देऊ नका.

माझं बोलणं इथे थांबवतो. वाजवणारे आणि बनवणारे दोघंही समोर बसलेत असं दिसतंय, तेव्हा प्रश्नांना सुरुवात त्यांच्यापासूनच करू.