थोडेच उरले होते

गुणधराचार्यांच्या ‘कषायपाहुड’ या प्राकृत जैन आगमग्रंथावरची ‘जयधवला’ टीका साठ हजार श्लोकांएवढी आहे. आचार्य वीरसेनांनी ती वीस हजारांपर्यंत आणली. त्यांच्या पश्चात शिष्य जिनसेनांनी ती शके ७५९ मध्ये (इ. स. ८३७), राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या राजवटीत, पुरी केली.

अखेरच्या प्रशस्तीत जिनसेन स्वतःबद्दल त्रयस्थासारखे बोलतात. कान टोचण्याआधीच गुरूंकडे आलेला हा मुलगा. त्याचे कान ज्ञानाच्या शलाकेने टोचले गेले. अंगाने कृश, तपाने नव्हे. रूप फारसे नाही, चातुर्यही बेताचेच, तरी सरस्वती त्याच्यामागे आली! एकेका वाक्यात उणीव आधी मांडायची आणि तिच्यावरच गुण चढवायचा, ही त्यांची लकब.

तीच लकब टीकेबद्दल बोलताना दिसते. सांगण्यासारखे पुष्कळ होते ते गुरूंनी पूर्वार्धात सांगितले. ते पाहून थोडेच सांगायचे उरलेला उत्तरार्ध मी पुरा केला, असा त्यांचा भाव. हे ‘थोडे’ भरते चाळीस हजार श्लोक! शिवाय कषायांचा, म्हणजे क्रोधादी विकारांचा, समूळ क्षय कसा होतो, हा ग्रंथाचा शेवटचा विषय शिष्याच्याच वाट्याला आला. प्राकृत-संस्कृत मिश्र भाषा गुरूंचीच ठेवली. नम्रता खरीच आहे, पण आकडाही लपत नाही.

गुरूचे काम शिष्याने पुरे करण्याची अशीच गोष्ट चीनमध्येही आहे. तिथले तत्त्वज्ञ जू शी १२०० साली वारले. ‘शूजिंग’ या प्राचीन ग्रंथावरचे भाष्य त्यांनी शिष्य साय शनवर सोपवले होते. ते १२०९ मध्ये तयार झाले आणि पुढे राजपरीक्षांत प्रमाण मानले गेले. गुरूच्या नावाने चालणारा अर्थ पुष्कळदा शिष्याच्या हातचा असतो.

जिनसेनांचे ‘आदिपुराण’ही अपुरेच राहिले; ते त्यांचे शिष्य गुणभद्रांनी पुरे केले.

या परंपरेत सोलापूरचाही हात आहे. कर्नाटकातल्या मूडबिद्रीच्या ताडपत्रांत बंदिस्त असलेल्या ‘जयधवले’सारख्या सिद्धान्तग्रंथांच्या नकला व्हाव्यात म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद झटले. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी स्थापलेल्या इथल्या जैन संस्कृती संरक्षक संघाने १९७३ पासून वीरसेनांच्याच ‘धवला’ या दुसऱ्या टीकेची नवी आवृत्ती काढली.

साठ हजार श्लोक वाचणे सर्वांना जमणार नाही. प्रशस्ती मात्र जरूर वाचावी. जयधवलेला वीरसेनांची टीका म्हणण्याचा प्रघात असला, तरी तिचे दोन तृतीयांश श्रेय जिनसेनांचे आहे.