लाजोला बोलायचे होते

सणासुदीच्या अंकात असला विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण घरातल्या सर्वांनी मिळून वाचायच्या अंकातच तो यावा, असे मला वाटते; कारण या दोन्ही कथा घरच हरवलेल्या बायकांच्या आहेत.

पहिली सआदत हसन मंटोची ‘खोल दो’. १९४८ साली ती छापल्याबद्दल ‘नुकूश’ या उर्दू मासिकावर पाकिस्तानात सहा महिन्यांची बंदी आली. अमृतसरहून आलेला सिराजुद्दीन निर्वासितांच्या छावणीत आपल्या सतरा वर्षांच्या सकीनाला शोधतो आहे. तिला आणायला जातात ते स्वधर्मीय स्वयंसेवक, आणि तिची विटंबना करतात तेही तेच. शेवटी छावणीच्या इस्पितळात डॉक्टर खिडकी उघडायला सांगतो. तो शब्द ऐकून ती अर्धमेली पोर जे करते, त्याने डॉक्टरला दरदरून घाम फुटतो. बाप मात्र मुलगी जिवंत आहे म्हणून आनंदाने ओरडतो. या कथेला अश्लील म्हणणाऱ्यांनी तो घाम वाचलेलाच नाही. मंटो अत्याचाराचे वर्णन करीत नाही. शरीराच्या काय लक्षात राहिले, एवढेच दाखवतो.

तरीही माझी एक तक्रार आहे. ही कथा खाटेपाशी थांबते. सकीना पुढे जगली तर कशी, हा प्रश्न मंटोने घेतला नाही. तो राजिंदरसिंग बेदींनी ‘लाजवंती’त घेतला. पळवून नेलेल्या बायकांना पुन्हा घरात घ्या, म्हणून सुंदरलाल प्रभातफेऱ्या काढतो. एके दिवशी त्याचीच लाजो परत येते. पूर्वी तिला मारणारा हा नवरा आता तिला ‘देवी’ म्हणतो. पण ती सोसलेले सांगू लागली, की झाले गेले विसरून जा म्हणतो. लाजोला देवी व्हायचे नाही. भांडणारी, हसणारी जुनी लाजो व्हायचे आहे. तिला घर मिळाले, पण ठणका आतच राहिला. हे दुखणे बेदींनी अचूक ओळखले, म्हणून मला त्यांची कथा अधिक मोठी वाटते.

१९४९ च्या कायद्याने अशा बायकांना शोधून सीमेपलीकडे पोचवण्याची सोय केली. जायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क मात्र त्यांना दिला नाही. सरकारने विचारले नाही, नवऱ्याने ऐकले नाही.

फाळणीनंतर आपल्या कल्याणच्या छावणीतही हजारो सिंधी कुटुंबे उतरली. तिचेच पुढे उल्हासनगर झाले. तिथल्या बायकांनी काय सोसले, हे आपल्या मराठी कथेने किती वेळा विचारले? शेजारी राहूनही विचारले नसेल, तर सुंदरलालला नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही.