बंद दाराआडचा माणूस : ‘अलीगढ’ चित्रपटाचे परिशीलन

विद्यापीठांच्या आवारात समलिंगी व्यक्तींनी हक्कांसाठी उभारलेल्या लढ्याचा इतिहास सांगताना बहुधा न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९६७ साली मान्यता पावलेल्या विद्यार्थी-संघटनेचा उल्लेख होतो. फलक, सभा आणि मोर्चे ही त्या इतिहासाची परिचित चित्रे होत. आपल्या देशातील त्याचे एक महत्त्वाचे प्रकरण मात्र एका मराठीच्या प्राध्यापकाच्या नावावर असून, त्याच्या केंद्रस्थानी मोर्चा नव्हे, तर एका एकाकी मनुष्याची न्यायालयीन याचिका आहे. हंसल मेहता यांचा ‘अलीगढ’ (२०१६) हा हिंदी चित्रपट त्या प्रकरणावर आधारलेला आहे.

मूळचे नागपूरचे डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे अध्यापन करीत. ते कवीही होते. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या निवासस्थानी शिरली आणि एका रिक्षाचालकाच्या सहवासातील त्यांचा एकांत चित्रित केला गेला. विद्यापीठाने निलंबित केले ते घुसखोरी सोसणाऱ्या प्राध्यापकासच. वस्तुतः प्रौढांचे संमतीने झालेले खाजगी वर्तन गुन्हा ठरत नाही, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजीच दिला होता. १ एप्रिल २०१० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनास स्थगिती दिली. अवघ्या सहा दिवसांनी, ७ एप्रिलला, सिरस आपल्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले.

या कथेचा प्रचारपट करणे सोपे होते. दिग्दर्शकाने व पटकथाकार अपूर्व असरानी यांनी तो मोह टाळला आहे. मनोज बाजपेयी यांनी उभे केलेले सिरस वीरपुरुष नाहीत. ते संकोची आहेत, लताबाईंची गाणी ऐकतात आणि न्यायालयात वाद रंगला असता डुलकी घेतात. कोणी त्यांच्या भावनेस एका आटोपशीर शब्दात बसवू पाहिले, तर तेही त्यांस रुचत नाही. काव्य शब्दांत नसून शब्दांमधील अंतरात असते, ही त्यांची धारणा चित्रपटाने आपल्या संथ, निःशब्द मांडणीत सार्थ केली आहे. परमुलखात राहून घरात मराठी जपणे म्हणजे काय, हे ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांस सांगावयास नको. सिरसांचे एकाकीपण त्यांस विशेष भिडेल.

तथापि एक उणीव नमूद करणे अवश्य आहे. त्या रात्रीचा दुसरा मनुष्य, तो गरीब रिक्षाचालक, चित्रपटात फार थोडा वेळ दिसतो. प्राध्यापकास वकील मिळाले, पत्रकार मिळाला. त्यास कोण मिळाले, हा प्रश्न चित्रपट पुरेसा विचारीत नाही.

आपणा धर्मगुरू व धर्मशिक्षकांस येथे योहानाच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायाचे स्मरण व्हावे. तेथेही एका व्यक्तीस ‘रंगेहाथ’ पकडून सर्वांसमोर उभे करण्यात आले होते. प्रभूने पापाविषयीची शिकवण बदलली नाही. परंतु पकडून आणणाऱ्यांच्या हातातील दगड प्रथम खाली ठेवविला. दिल्लीच्या निर्णयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात जाणाऱ्यांत काही ख्रिस्ती संघटनाही होत्या, हे विसरता येत नाही. २०१३ साली तो निर्णय रद्द झाला, तेव्हा कार्डिनल ओसवाल्ड ग्रेशियस यांनी ख्रिस्तसभा अशा व्यक्तींस गुन्हेगार मानीत नाही, असे स्पष्ट केले. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच कायद्याचा हा प्रश्न निकालात काढला.

पाळकीय प्रश्न मात्र शिल्लक आहे. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण-ग्रंथाने समलिंगी कृतींस संमती दिली नाही. पण अशा व्यक्तींचा आदराने व करुणेने स्वीकार करावा आणि त्यांच्याशी अन्याय्य भेदभाव करू नये, असेही बजावले. यांतील पहिले विधान आपण प्रवचनांतून वारंवार ऐकवितो, दुसरे क्वचितच. धर्मग्रामात एखाद्याच्या बंद दाराविषयी कुजबुज सुरू होते, तेव्हा ती थांबविण्याचे काम प्रथम आपले आहे. ते आपण केले नाही, तर त्या मनुष्यास आपले दार ठोठावण्याचे धैर्य कोठून यावे?