‘मूल बसमध्ये चढले’ : एका विधानाची चिकित्सा

शाळेच्या बसमधून जाणाऱ्या मुलांवर इलेक्ट्रॉनिक टॅगच्या साहाय्याने लक्ष ठेवण्याच्या योजनांची चर्चा बहुधा सुरक्षितता आणि खाजगीपणा या दोन अंगांनी होते. प्रस्तुत टिपणात या योजनांच्या भाषेचा विचार करावयाचा आहे. कारण त्यांतील मूळ दोष भाषेतच उघड होतो, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेत टेक्सास राज्यात, ह्यूस्टनजवळच्या स्प्रिंग येथील शाळांनी २००४ साली सुमारे २८,००० विद्यार्थ्यांसाठी अशी योजना हाती घेतली. विद्यार्थी बसमध्ये चढताना व उतरताना त्याच्या ओळखपत्रातील चिप यंत्राने वाचली जाई आणि ती नोंद शाळेच्या अधिकाऱ्यांकडे व पोलिसांकडे आपोआप पोहोचे.

यंत्र वस्तुतः काय जाणते? अमुक क्रमांकाची चिप अमुक वेळी आपल्याजवळून गेली, एवढेच. परंतु अहवालात वाक्य उमटते ते ‘मूल बसमध्ये चढले’ असे. कर्ता बदलला! आपल्या काव्यशास्त्रात ‘भाले आत शिरले’ हे लक्षणेचे प्रसिद्ध उदाहरण आहे. भाले स्वतः चालत नाहीत. म्हणून मुख्यार्थाला बाध येतो व श्रोता भालेकऱ्यांचा बोध करून घेतो. येथे क्रम उलटा आहे. नोंद ओळखपत्राची, विधान मात्र मुलाचे. आणि त्या विधानात खटकण्यासारखे काहीच नसल्यामुळे वाचणारा ते सरळ अभिधेने घेतो. लक्षणा झाली आहे, याचा त्याला पत्ताही लागत नाही.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. एखादे मूल मागच्या बाकावर झोपून राहिले, तर उतरल्याची नोंद न झाल्यामुळे धोका ध्यानात येईल. हा या व्यवस्थेचा गुण मान्य केलाच पाहिजे. पण त्याचे दप्तर मित्राने उचलून नेले असेल, तर ‘मूल उतरले’ असे वाक्य उमटेल आणि चालक निर्धास्तपणे बसला कुलूप लावील.

बसबाहेरही हीच गल्लत संभवते. सॅन अँटोनिओ येथील दोन शाळांत २०१२ साली आवारातील विद्यार्थी शोधण्यासाठी टॅग वापरले गेले. तेथे सरकारी अनुदान हजेरीवर अवलंबून होते; वर्गात नसलेला विद्यार्थी आवारात आहे, असे टॅगने दाखविले की तो हजर धरता येई. ही योजना २०१३ साली सोडून देण्यात आली.

आपल्या वर्गांत ‘हजर’ हा शब्द विद्यार्थी स्वतः उच्चारतो. त्यातही लबाडी होते. परंतु आवाज परका वाटला की शिक्षक मान वर करून पाहतो. यंत्राला अशी शंका येत नाही.

टॅग वापरूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. अहवालात ‘अमुक क्रमांकाचे ओळखपत्र नोंदले गेले’ एवढेच लिहावे, ही आमची मागणी आहे. वाक्य रूक्ष होईल. पण ते वाचून चालक एकवार मागच्या बाकापर्यंत जाऊन पाहील. मुलाचे खरे रक्षण त्या पाहण्यात आहे.